मिनिटे कुणाची वाचली?

जे. जे. रुग्णालयाकडून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने महंमद अली रोडच्या डोक्यावरून जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २००२ साली सुरू झाला. मोटारवाल्यांची मिनिटे वाचली, हे कबूल. पण खाली धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांच्या पदरात काय पडले? वरून निघून जाणारा मोटारवाला हा गिऱ्हाईक नव्हे. आपले गिऱ्हाईक मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड स्टेशनांवरून पायी येते, आणि अशा पुलांच्या हिशेबात पायी येणाऱ्याची मिनिटे सहसा धरली जात नाहीत. २०१० पासून तर दुचाकींनाही त्या पुलावर बंदी आहे. नमुन्याची थैली अडकवून स्कूटरवर फिरणारा कारागीर खालच्याच गर्दीत.

आमच्या मते मूळ घोटाळा मापात आहे. तराजू खोटा असेल तर माल कितीही चोख असून उपयोग काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हा तराजूच बदलला. पूर्वी तेथे नवे बांधकाम आले की चौकात गाड्या किती सेकंद खोळंबतील एवढेच पाहत. त्यामुळे भर वस्तीतली इमारत दोषी ठरे आणि गावाबाहेर हमरस्त्यालगत उभा राहणारा मोठा बाजार सहज सुटे. कारण तेथे चौकच मोकळा! प्रत्येक गिऱ्हाईक वीस-वीस मैल मोटार हाकत जाई, ते कुणी मोजत नसे. २०१३ साली तेथे कायदा झाला आणि १ जुलै २०२० पासून तो राज्यभर लागू झाला. आता विचारतात ते असे, की या बांधकामामुळे मोटारी एकूण किती मैल जास्त धावतील? मोठ्या रेल्वे स्टेशनापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या बांधकामाला साधारणतः सूट मिळते. आणि आपल्या व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की आसपासच्या वस्तीला पुरवठा करणाऱ्या, साधारण ५० हजार चौरस फुटांच्या आतल्या दुकानांनाही तीच सवलत आहे, कारण दुकान जवळ असले तर माणूस दूर मोटार नेत नाही. शिवाय मोजणी मुख्यत्वे मोटारींची असते. अवजड मालट्रक त्यात धरण्याची सक्ती नाही.

रस्ता रुंद केल्याने गर्दी हटते, हा समजही तपासावा. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे केटी फ्रीवे २००८ साली काही ठिकाणी वीसहून अधिक पदरी झाला. थोड्याच वर्षांत संध्याकाळचा प्रवास पुन्हा लांबला. जागा दिसली की गाड्या वाढतात.

आपल्याकडे २०२४ साली अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग सुरू झाले. दोन्हींवर दुचाकी आणि रिक्षा यांना मनाई आहे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. पार्किंग वाढवा म्हणून अर्ज करणारे पुष्कळदा आपणच असतो. दुकानासमोर उभी राहणारी मोटार बहुधा मालकाची असते, गिऱ्हाइकाची नव्हे. टेंपोला माल उतरवायला ठरलेली वेळ आणि मोकळी जागा, तसेच चालायला धड फूटपाथ, ही मागणी धंद्याला अधिक कामाची आहे. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा बाजारपेठांच्या संघटनांनी एवढे तरी लेखी विचारावे, की या रस्त्याने आणि या टॉवरने मोटारींचे किती किलोमीटर वाढणार आणि तो आकडा काढला कुणी?