भोवरे पाहिले, खोडी विचारल्या का?

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश इथं जवळजवळ येतात. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातले घोडेही या बाजारात उतरतात. इथं हात बदललेलं जनावर उद्या कुठल्या राज्यात, कुणाच्या वरातीत उभं राहील, सांगता येत नाही. लग्नसराईत घोडी बिथरल्याची बातमी आली की दोष जनावराला दिला जातो. चूक मात्र बऱ्याचदा बाजारातच झालेली असते.

भाव ठरतो तो रंग, उंची, चाल आणि शुभलक्षणांवर. पंचकल्याण आहे का, देवमण आहे का, भोवरे कुठे आहेत, हे बारकाईनं पाहतात. लाथ मारतो का, चावतो का, बँड वाजला की बुजतो का, याची चौकशी मागे पडते. घोडा दमवून दाखवला तर तो गरीबच दिसणार. म्हणून शहाणा गिऱ्हाईक तो सकाळी ताजा असताना बघतो, खोगीर आपल्यासमोर चढवायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं त्याला जवळपास चहूकडचं दिसतं. मात्र थेट शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. मागून नाचत आलेली पोरं, पायाशी फुटलेली माळ, कानाशी डीजे, एवढं झालं की शांत घोडाही उधळू शकतो. आणि खोड म्हणजे दरवेळी स्वभाव नसतो. दात, खुराची जखम, खोगिराखाली सोललेली पाठ, यामुळेही तो चावतो, लाथा झाडतो. वागणं अचानक बदललं तर चाबूक बाजूला ठेवून आधी जनावरांचा डॉक्टर गाठावा.

अवघड घोड्यावर काटेरी लगाम हा जुना उपाय. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी त्यावर बंदी आहे. राज्य कोणतंही असो, नियम एकच. शिवाय हा उपाय उलटतो: तोंडात कळ गेली की घोडा मागच्या पायांवर उभा राहतो आणि पाठीवरचा नवरदेव खाली येतो.

जाणते मोतद्दार साध्या गोष्टी पाळतात. आवाज देत, खांद्याच्या बाजूनं जवळ जायचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही. घोडा उधळला तर माणूस फरफटत जातो. एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारायची. मागून जायचंच असेल तर लाथेच्या टप्प्याबाहेरून, लांबून. कान मागे चिकटले, शेपूट सपासप हलू लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला की तिथंच थांबायचं.

उरतो प्रश्न जबाबदारीचा. मोतद्दार बहुधा रोजंदारीवरचा. लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च त्याच्याच अंगावर. त्याच्या हातात फक्त दोर असतो. डीजे किती जवळ ठेवायचा, माळ कुठं लावायची, हे ठरवतात यजमान. म्हणून बयाणा देतानाच घोडीवाल्याला विचारावं: ही घोडी याआधी वरातीत चालली आहे का, आणि दोर धरणारा तिच्या रोजच्या ओळखीचा आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर नवरदेवाला गाडीतून आणलेलं बरं.