पुण्याला कुणी रिटेन करत नाही

२९ डिसेंबर २०२४. बालेवाडीत प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची फायनल. हरियाणा स्टीलर्सनी पाटणा पायरेट्सना ३२–२३ असं हरवलं आणि इराणचा मोहम्मदरेझा शादलुई चॅम्पियन झाला. त्याच वर्षी १ मार्चला हाच माणूस पुणेरी पलटणच्या जर्सीत चॅम्पियन झाला होता, आणि तेव्हा समोर हरियाणाच होती. स्कोअर २८–२५. मधल्या दहा महिन्यांत घडलं इतकंच, की ऑफ-सीझन आला. पलटणने त्याला सोडलं, हरियाणाने लिलावात २ कोटी ७ लाखांना उचललं. मग तो पुण्यात आला, पुण्याच्या मॅटवर खेळला आणि दुसऱ्या राज्याला चषक देऊन गेला. आपली पलटण तोवर प्लेऑफच्याही आधी घरी गेली होती. म्हणजे तशी ती घरीच होती.

मला शादलुईची तक्रार करायची नाहीये, हे आधीच सांगतो. दहाव्या हंगामात पलटणने त्याच्यावर २ कोटी ३५ लाख मोजले होते आणि एका संघाची सगळी पर्स होती ५ कोटींची. जवळजवळ निम्मी पर्स एका बचावपटूवर घालवणं एकदा जमतं, दरवर्षी परवडत नाही. हिशेब कळतो. खेळाडूने जिथे जास्त पैसे मिळतील तिथे जावं, हेही मान्य. गुडघा एकदा गेला की त्याला कोण विचारणार? खेळाडूच्या निष्ठेवर पोस्टी लिहिणाऱ्यांनी आधी स्वतः किती वेळा नोकरी बदलली ते मोजावं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. वरचे आकडे मी न बघता लिहिले. पर्स किती, बेस प्राइस किती, कोणाला सोडलं, कोणाला ठेवलं, सगळं तोंडपाठ. तुमचंही असेल. लिलावाच्या दिवशी आपल्या ग्रुपवर जितके मेसेज येतात तितके सामन्याच्या दिवशी येत नाहीत. आपण सगळे त्या दिवशी फुकटात मालकाचे अकाउंटंट होतो. ‘मस्त घेतला रे, पर्समध्ये अजून ऐंशी लाख शिल्लक आहेत.’ कोणाचे शिल्लक आहेत, भावा? तुझे?

आणि हे सगळं आपण करतो पुण्यात. ज्या शहरात ऑफ-सीझनमध्ये खेळाडू नाही, अख्खा संघच रिलीज होतो.

सहारा पुणे वॉरियर्सपासून सुरू करू. २०१० साली १,७०२ कोटींची बोली, तोवरची आयपीएलमधली सगळ्यात महाग फ्रँचायझी. २०११चा पहिला हंगाम ‘पुण्याचा’ हा संघ घरचे सामने म्हणून खेळला कुठे, तर नवी मुंबईत. गहुंज्याचं स्टेडियम तेव्हा तयारच नव्हतं. पुढच्या वर्षी स्टेडियम झालं, त्यावर मालकाचं नाव लागलं, मग पैशांवरून भांडण झालं आणि नाव उतरलं. संघ तीन हंगाम खेळला. ख्रिस गेलने २३ एप्रिल २०१३ला ज्या गोलंदाजांना नाबाद १७५ मारले ते आमचे होते, एवढीच काय ती आमची इतिहासातली नोंद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोर्ड आणि मालक यांचं बँक गॅरंटीवरून फाटलं आणि करार रद्द झाला. संघ बंद झाल्याची बातमी क्रीडा पानापेक्षा अर्थविषयक पानावर जास्त शोभली असती.

मग आला रायझिंग पुणे सुपरजायंट. यात माझा जीव अजून अडकलाय, त्यामुळे थोडं थांबतो.

चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले म्हणून भरलेली ही जागा होती. करार दोनच वर्षांचा. कोलकात्याच्या संजीव गोयंकांनी तो उणे बोली लावून घेतला. उणे १६ कोटी, म्हणजे बोर्डाकडून हिस्सा घ्यायचा तर नाहीच, वरून आपणच पैसे द्यायचे. सुरुवातीपासूनच हा संघ भाड्याच्या खोलीसारखा होता, ॲग्रीमेंट संपलं की चावी परत. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि आमचं ‘घर’ विशाखापट्टणमला गेलं. (त्या निर्णयाला माझा विरोध नव्हता. लातूरला रेल्वेने पाणी जात असताना गहुंज्याच्या हिरवळीसाठी भांडायला तोंड नव्हतं.) पहिल्या वर्षी आठात सातवा नंबर. मग ऑफ-सीझनमध्ये धोनीचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं, ‘सुपरजायंट्स’मधला शेवटचा ‘स्’ काढून टाकला आणि बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना आणलं.

त्याच लिलावात पुण्यात वाढलेल्या राहुल त्रिपाठीला १० लाखांना घेतलं. त्याने त्या हंगामात ३९१ धावा केल्या. ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध ९३. दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की या जर्सीतला एक माणूस आपल्यासारखाच कधीतरी पीएमटीत लटकून सरावाला गेला असेल. फायनलमध्ये मुंबईच्या १२९ला उत्तर देताना आम्ही १२८वर थांबलो. एक धाव. तेही ठीक आहे, हरणं खेळात येतंच. पण हरल्यावर प्रत्येक चाहत्याला एक वाक्य म्हणायचा हक्क असतो: ‘पुढच्या वर्षी बघू.’ आम्हाला तेवढंही म्हणता आलं नाही, कारण पुढचं वर्षच नव्हतं. त्रिपाठी राजस्थानला गेला, स्टोक्सही तिकडेच. २०१८ला कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला आले, तमिळनाडूहून चाहत्यांची अख्खी ट्रेन आली आणि वर्षापूर्वी आपला संघ जिथे खेळला तिथे आपण पिवळे झेंडे हलवले. आज पुण्याचा ऋतुराज चेन्नईचा कर्णधार आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही वाटतो. वाटावाच. पण पोरगा हॉस्टेलला चांगला शिकतोय म्हणून आपल्या गावात शाळा नाही ही गोष्ट कुणी विसरतं का?

फुटबॉलवाल्यांची कथा तर ऐकवत नाही. पुणे एफसी आय-लीगमध्ये होता, २०१२–१३ला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्समागे दुसरा आला, काही वर्षांत बंद. भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांत. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी त्यातल्या त्यात टिकला. मार्सेलिन्हो आणि अल्फारोच्या जोरावर २०१८ला सेमीफायनलपर्यंत पोचला, तिथे छेत्रीच्या हॅटट्रिकने बाहेर पडला. बालेवाडीत नारिंगी जर्सी घालून ढोल वाजवणारी पोरं होती. २०१९च्या ऑफ-सीझनमध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. मार्सेलिन्होही तिकडेच गेला. २०२२ला हैदराबाद एफसीने गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा चषक जिंकला. आणि २०२५ला तोच क्लब स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. एक जागा, अकरा वर्षं, तीन शहरं. आपल्या बदल्या होणाऱ्या सरकारी नोकरांनाही यापेक्षा जास्त काळ एका गावात राहायला मिळतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अरे, फ्रँचायझी म्हणजे धंदा आहे. तोटा झाला तर माणूस दुकान बंद करणारच.’ करा की. पण मग दुकानाला माझ्या गावाचं नाव का लावता? मालकाच्या सिमेंटचं, विम्याचं, विजेच्या कंपनीचं नाव लावा. ते कुणी लावत नाही, कारण त्या नावासाठी कुणी घसा बसेपर्यंत ओरडणार नाही, हे त्यांना आपल्याहून चांगलं माहीत आहे. ‘पुणे’ किंवा ‘पुणेरी’ म्हटल्यावर जी ओढ फुकट मिळते तिची किंमत कुठल्याच ताळेबंदात लिहिलेली नसते. खेळाडूला पैसे मिळतात, बोर्डाला मिळतात, चॅनेलला मिळतात. शहर तेवढं उधारीवर.

दुसरं उत्तर जास्त खोचक असतं आणि ते पुणेकरच देतात: ‘तुमच्या संघांना इतिहास काय होता? लोक जोडले कधी गेले?’ हे उत्तर मला कोलकात्याकडे घेऊन जातं, कारण मालक तोच आहे.

मोहन बागान हा १८८९चा क्लब. २०२०मध्ये त्याचा फुटबॉल संघ गोयंकांच्या एटीकेशी जोडला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. चाहते खवळले. ‘एटीके काढा’ हे त्यांनी एक दिवस ट्रेंड करून सोडून दिलं नाही. तीन वर्षं, संघ जिंकत असतानाही, फलक आणि घोषणा चालू ठेवल्या. १८ मार्च २०२३ला फातोर्ड्यालाच संघ आयएसएल जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की एटीके जाणार. नवं नाव काय? मोहन बागान सुपर जायंट. लखनौच्या आयपीएल संघाचं नाव? लखनौ सुपर जायंट्स. म्हणजे पुण्यातून संघ गेला, खेळाडू गेले, आणि आमच्या छातीवर दोन वर्षं मिरवलेलं आडनावही दुसऱ्यांकडे गेलं. एकाच मालकाला एका शहराने नाव बदलायला लावलं. दुसऱ्या शहराने जाताना ‘बाय’सुद्धा ऐकलं नाही.

हो, त्यांच्याकडे सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास होता. पण इतिहास कुरिअरने येत नाही. तो आजोबा वडिलांना घेऊन जातात, वडील पोराला घेऊन जातात, असा साठतो. दोन वर्षांत उठणाऱ्या संघाला आपण कोणाला घेऊन जायचं? आधी संघ टिकू द्यायचा नाही आणि मग लोक जोडले गेले नाहीत म्हणून हिणवायचं, हा कुठला न्याय?

एकटी पलटण टिकली आहे. २०१४पासून. तिच्यावर टीका करताना हात अडखळतो, कारण नांदवली तर तिनेच नांदवली. अस्लम इनामदारसारखा महाराष्ट्राचा पोरगा तिथे कर्णधार झाला, पंकज मोहितेसारखे वर्षानुवर्षं राहिले. बाराव्या हंगामात, २०२५ला, पुन्हा फायनलला पोचली आणि दिल्लीकडून तीन गुणांनी हरली. पण तो अख्खा हंगाम खेळवला कुठे? विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. पुण्यात एकही सामना नाही. ज्या शहरात मंडळांच्या मैदानांवर, दिव्यांच्या माळा लावून रात्री एक-एक वाजेपर्यंत कबड्डी चालते, त्या शहराच्या संघाला आम्ही वर्षभर मोबाइलच्या स्क्रीनवर भेटलो. दहाव्या हंगामात निदान बारा शहरांत फिरले होते, आपल्याला डिसेंबरचे पाच-सहा दिवस तरी मिळाले होते.

हे लीगचं वेळापत्रक आहे, संघाच्या हातात नाही, असं सांगतील. खरंही असेल. पण कुणाच्या तरी हातात आहे ना? बालेवाडीचं क्रीडासंकुल कुणा शेठचं नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी आपल्याच पैशातून उभं राहिलेलं ते राज्य सरकारचं संकुल आहे. लीगला फायनलसाठी ते लागतं, तेव्हा सरकारला अटी घालता येतात. वीजबिल आणि साफसफाईच्या अटी घालताच, त्यात आणखी दोन घाला. पुण्याचं नाव लावणाऱ्या संघाने दर हंगामात ठरावीक सामने पुण्यात खेळायचे. आणि संघ विकायचा, हलवायचा किंवा बंद करायचा असेल तर एक हंगाम आधी जाहीर सांगायचं, म्हणजे दुसरा कुणी घेणारा शोधायला वेळ मिळेल. एवढ्याने कुठल्याही मालकाचं दिवाळं निघणार नाही.

आमदार-नगरसेवकांना यात रस नाही म्हणता? दहीहंडीला एका रात्रीत फ्लेक्स लावतात ते. रस कशात घ्यायचा हे त्यांना आपण सांगितलं की कळतं. आपण त्यांना कधी सांगितलंच नाही, कारण आपण लिलावातले आकडे पाठ करण्यात गुंतलो होतो.

पुढच्या लिलावाआधी पलटणचं पेज नेहमीप्रमाणे विचारेल, ‘कोणाला रिटेन करावं असं वाटतं? कमेंटमध्ये सांगा!’ खाली हजारेक पोरं खेळाडूंची नावं टाकतील. मी या वेळी खेळाडूचं नाव लिहिणार नाहीये. मी लिहिणार आहे: ‘बालेवाडीत सामने किती?’ उत्तर येईपर्यंत प्रत्येक पोस्टखाली तेच. हार्ट टाकून पळू नका, तुम्हीही लिहा.