नंदीध्वज काचेच्या कपाटात ठेवला तर?

१/
अशी कल्पना करावी: सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर यात्रेतील सात नंदीध्वजांपैकी एक परदेशातील संग्रहालयात काचेआड उभा आहे. खाली पाटी: ‘उंच काठी. लाकूड व कापड. दक्षिण भारत. धार्मिक उपयोगाची शोभिवंत वस्तू. कारागीर अज्ञात.’ पाटीत धडधडीत असत्य काहीच नाही. तरीही ती वाचून सोलापूरकर संतापेल आणि तो संताप रास्त असेल.

२/
कारण नंदीध्वज ही नुसती पाहण्याची वस्तू नव्हे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह व्हावा, असा एका कुंभारकन्येने हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. ही कथा दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात नव्याने घडवली जाते. नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम मैदानावर होमविधी होतो, वासराची भाकणूक होते. कोणता ध्वज कोणाच्या मानाचा हे ठरलेले असते. हिरेहब्बूंपासून मातंग समाजापर्यंत प्रत्येकाचा हक्क गावाला ठाऊक असतो. बाराबंदी घालून तो तोल सांभाळण्याचा सराव आधीपासून चालतो. हा सारा व्यवहार वजा केला की मागे काठी उरते.

३/
आफ्रिकेच्या वाट्याला शतकाहून अधिक काळ हीच वजाबाकी आली आहे. ‘आदिम कला’, ‘भेसूर मुखवटे’, ‘मातीची घरे’ हे शब्द मराठीतही बिनदिक्कत वापरले जातात. भातवडीच्या विजयानंतर सोलापूरचा किल्ला घेणारा मलिक अंबर हबशी होता, हे इतिहासप्रेमी तरुण कौतुकाने सांगतात. पण ज्या खंडातून तो आला त्या खंडाला घडवण्याची आणि बांधण्याची विद्या होती, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

४/
काँगो प्रदेशातील ‘एन्किसी एन्कोंडी’ घ्यावी. खिळ्यांनी आणि पात्यांनी अंग भरलेली ही लाकडी मूर्ती पाहून युरोपीय मिशनरी हादरले व ‘जादूटोणा’ म्हणून मोकळे झाले. प्रत्यक्षात ती साक्षीदार होती. दोन पक्षांत करार झाला, शपथ घेतली गेली, तंटा मिटला, की मूर्तीत लोखंड ठोकले जाई. शपथ मोडणाऱ्याला ती गाठील, ही श्रद्धा. म्हणजे ज्याला क्रौर्य म्हटले गेले ते त्या गावाचे दप्तर होते. आपल्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडणे ज्या समाजाला अशक्य वाटे, त्याला हे अनाकलनीय वाटण्याचे कारण नाही.

५/
असांते लोकांचे सुवर्णासन हे तर अज्ञानाच्या किमतीचे उदाहरण. त्या आसनात साऱ्या जनतेचा आत्मा वसतो. राजासुद्धा त्यावर बसत नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन याने ते स्वतःला बसण्यासाठी मागितले! या मागणीने युद्ध पेटले, या आसांतेवा या राजमातेने त्याचे नेतृत्व केले. असांते हरले, पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही. खुर्ची आणि आसन यांतला भेद न कळल्याने माणसे मेली.

६/
वास्तूंचेही तेच. मालीतील डोगोनांचे ‘तोगुना’ हे वडीलधाऱ्यांचे सभास्थान मुद्दाम बुटके बांधतात. रागाच्या भरात कोणी ताडकन उठू लागला तर छत डोक्याला लागते व त्याला पुन्हा बसावे लागते. बांधकाम येत नाही म्हणून छत खाली राहिले, असे समजणाऱ्याने एखाद्या ग्रामसभेला जाऊन यावे.

७/
आणि जिथे भव्यता डोळ्यांत भरण्याइतकी होती, तिथे कर्तेपणच नाकारले गेले. चुन्याविना रचलेल्या दगडी भिंतींचे ग्रेट झिंबाब्वे कधी फिनिशियनांचे ठरले, कधी शेबाच्या राणीचे. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हरने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी ते आफ्रिकी लोकांनीच बांधल्याचे दाखवून दिले. तरीही ऱ्होडेशियाची गोरी राजवट ते मान्य करायला तयार नव्हती. तिथला दगडी पक्षी आज झिंबाब्वेच्या राष्ट्रध्वजावर आहे.

८/
‘संग्रहालयांमुळे निदान वस्तू टिकल्या’, हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. पण टिकणे म्हणजे काय? जेन्नेची मशीद मातीची आहे. गाव जमून तिला दरवर्षी नवा लेप देते; भिंतीतून बाहेर आलेली लाकडे शोभेबरोबर परातीचेही काम करतात, त्यांवर चढूनच लिंपण होते. सोलापुरात नंदीध्वजाला वस्त्र चढते आणि कप्पडकळीला उतरते; पुढच्या वर्षी पुन्हा चढते. न बदलणारी वस्तू जपणे ही जपणुकीची एक रीत झाली, एकमेव नव्हे.

९/
बेनिनची धातुशिल्पे (‘ब्राँझ’ म्हणून प्रसिद्ध, पण बहुतेक पितळेची) १८९७ मध्ये इंग्रज फौजेने हजारोंनी लुटली. त्यांतली मस्तके नव्या ओबाने, म्हणजे राजाने, दिवंगत ओबाच्या वेदीसाठी घडवून घ्यायची असत. त्यावर कोरीव हस्तिदंत उभा राही. राजवाड्यातील फलकांवर दरबार कोरलेला होता. त्यांची जागा बदलली आणि संगतीच तुटली.

१०/
जर्मनीने २०२२ मध्ये त्यांतील काही परत केली. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अशा वस्तूंची मालकी ओबाकडे सोपवली, तेव्हा युरोपात ओरड झाली: सार्वजनिक ठेवा एका घराण्याला कसा? त्याच मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठाने आपल्याकडील शिल्पे सोपवण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला. सर्वसामान्यांना ती पाहता यावीत ही चिंता खोटी नाही, मात्र तिची आठवण लुटीनंतर सव्वाशे वर्षांनी व्हावी हे विचित्र. पहिल्या पोस्टमधला तो काचेआडचा नंदीध्वज उद्या परत आला, तर तो हिरेहब्बूंच्या वाड्यात जावा की एखाद्या सरकारी गोदामात, असा प्रश्न सोलापुरात कोणी विचारणारही नाही.