हात लावणाऱ्याला जाब कोण विचारणार?

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात बसून एखाद्या शिक्षिकेने सोमॅटिक थेरपिस्ट, म्हणजे देहाच्या वाटेने मनावर उपचार करणारा माणूस शोधायचा म्हटला, तर तिच्या हाती मुंबई-पुण्याची नावे लागतील, मोबाइलच्या पडद्यावरची तासाभराची भेट मिळेल आणि बोलणे बहुधा इंग्रजीत होईल. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण या उपचाराची पाटी तिथे शोधण्यात अर्थ नाही. मात्र देहाला धरून मनाचा इलाज करणारा माणूस या डोंगरात कधीच दुर्मीळ नव्हता. तो पाड्यावरच राहत होता, अजूनही राहतो. त्याला भगत म्हणतात.

भगत तांदळाचे दाणे पाहतो. अंगात वारे येते, घुमणे होते, रात्रभर घरचे आणि शेजारचे भोवती बसून राहतात. होळीच्या पुढे-मागे जव्हार-मोखाड्यात बोहाडा भरतो. घराण्याने सांभाळलेला मुखवटा चढवून माणूस संबळाच्या तालावर देवाचे सोंग नाचवतो आणि त्या वेळेपुरता तो अमक्याचा मुलगा किंवा तमक्याचा गडी राहत नाही. याला थेरपी म्हणून टाकण्याचा मोह शहरी अभ्यासकांना फार होतो. तो आवरावा. सर्पदंश झालेल्याला दाण्यांपुढे बसवून ठेवल्याने जीव जातात, आणि मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर डंबा म्हणून तापलेल्या सळीचे चटके दिले जातात, तेही देहावरचेच उपचार असतात. पण याची दुसरी बाजूही खरी आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुले गेली ती भुकेने. तरी कुपोषणाचा विषय निघाला की अंधश्रद्धेकडे बोट दाखवणे सरकारला नेहमीच स्वस्त पडते.

भगताबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याचा इलाज चुकला तर रोगी आणि तो दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर भेटतात, त्याच लग्नात एका पंगतीला बसतात. जाब विचारणारी माणसे त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असतात. हा जाब पुरेसा नव्हता, म्हणून तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. तरीही जाब होता.

इंग्रजी अमदानीत मनाचा इलाज पाड्यावरून उचलून भिंतीआड नेला गेला. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. तिथे देहाशी संबंध आला तो मुख्यतः त्याला कोंडून ठेवण्यापुरता. पुढे बोलण्याचा उपचार आला. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था काढली. मराठीत मात्र मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यापेक्षा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस रुजला. किशोर फडके यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे आणली आणि १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आय.पी.एच. ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केल्यावर ती घराघरांत पोचली. मराठी मध्यमवर्गाच्या पिंडाला हे मानवणारेच होते. आपल्याला वाद घालायला आवडतो, मग स्वतःच्या विचारांशी का नको? यातून हजारो माणसे सावरली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण या पद्धतीत देह बहुतांशी खुर्चीत गप्प बसून राहिला. त्याची सोय आपण दुसऱ्या दाराने केली होती: लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत आणले होते. एकीकडे विवेक, दुसरीकडे योग, अशी ही विभागणी झाली आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांना फारशी भेटली नाहीत.

देहकेंद्री मानसोपचार म्हणून आज जे ओळखले जाते त्याचा उगम व्हिएन्नाच्या वर्तुळात, विल्हेल्म राइख या फ्रॉइडच्या बंडखोर शिष्यापाशी आहे. दडपलेली भावना स्नायूंमध्ये चिलखतासारखी घट्ट बसते, असे त्याचे म्हणणे. पुढे तो ‘ऑर्गोन’ नावाची वैश्विक ऊर्जा साठवणाऱ्या पेट्या विकू लागला. अमेरिकी सरकारने त्याच्यावर खटला भरला, त्याची पुस्तके जाळली आणि १९५७ मध्ये तो तुरुंगात मेला. पण त्याची कल्पना शिष्यांच्या हातून कॅलिफोर्नियात इसालेन या केंद्रात पोचली आणि तिथून सरळ पुण्यात आली. १९७४ नंतर कोरेगाव पार्कातल्या रजनीश आश्रमात जे समूह चालत, त्यांत हीच परंपरा होती: श्वास, किंकाळ्या, उशा बडवणे आणि प्रसंगी एकमेकांना बडवणे. हाडे मोडली. इसालेनच्या दोन संस्थापकांपैकी एक, रिचर्ड प्राइस, पुण्याला येऊन हे पाहून गेला आणि त्याने जाहीर नाराजी नोंदवली. १९७९ मध्ये समूहांतली मारहाण थांबवल्याचे आश्रमाने जाहीर केले. पुणेकर त्या काळच्या भगव्या कफन्यांच्या गप्पा अजून चवीने सांगतात. पण देहकेंद्री उपचारातला एक मोठा, धोक्याचा प्रयोग आपल्या अंगणात झाला, तरी त्याची दखल आपल्या मानसशास्त्राने जवळपास घेतलीच नाही. त्या बंद खोलीत मार खाणाऱ्याने दाद मागायची कोणाकडे? ज्याच्याकडे मागायची, त्याच्याच पायाशी तो बसला होता.

आजची सोमॅटिक थेरपी त्या मानाने फार सौम्य आहे. पीटर लेव्हिनचे ‘वेकिंग द टायगर’ हे पुस्तक १९९७ चे, बेसेल व्हॅन डर कोल्कचे ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ २०१४ चे. धक्क्याची आठवण शब्दांत मांडायला लावण्याआधी छातीतली धडधड, आवळलेला जबडा, गार पडलेले हात यांकडे थोडे थोडे, झेपेल तेवढेच लक्ष न्यायचे, ही लेव्हिनची रीत. तिचे प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचे असते. पुरावा अजून तोकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात आघातानंतरच्या विकारासाठी बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ई.एम.डी.आर. पद्धत यांची शिफारस केली, हिची नाही. त्यामुळे ती निरुपयोगी ठरत नाही; मात्र ‘विज्ञानाने सिद्ध’ अशी जाहिरात करणाऱ्याकडे सावधपणे पाहावे.

आता कायदा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते, मनोविकारतज्ज्ञाची वैद्यकीय परिषदेकडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला हक्क दिले. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या अनुसूचीत समुपदेशकांबरोबर नृत्य व हालचालींद्वारे उपचार करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. त्रिपुरा कश्यप यांच्यासारख्यांनी या देशात अनेक वर्षे केलेल्या कामाला तेवढी तरी कागदावरची जागा मिळाली. पण ‘सोमॅटिक थेरपिस्ट’ ही पाटी आज कोणीही लावू शकतो. दोन दिवसांची कार्यशाळा केलेला आणि तीन वर्षे शिकलेला, दोघांची पाटी सारखीच दिसते. भगताला निदान पाडा ओळखतो.

पोशेऱ्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक धोका दिसतो. दिवाळी झाली की या भागातली कुटुंबे उचल घेऊन जगायला जातात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्यातली बाई डोक्यावर हंडे वाहते. तिची कंबर दुखते ती बऱ्याचदा हंड्याने आणि विटांनी, आणि अशा बाईला ‘देहाचे ऐका’ म्हणून सांगणे हा तिचा अपमान आहे. तिचे ऐकायचे असेल तर आधी नळ आणा, रोजगार हमीची मजुरी वेळेवर द्या.

तरीही काही दुखणी हंडा उतरवल्यावरही जात नाहीत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगात’ संस्थेने हे जवळून पाहिले: उदास, धास्तावलेल्या बायका दवाखान्यात येतात त्या थकवा आणि अंगदुखी सांगत. त्यांच्या ‘मानस’ प्रयोगात डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले गेले. आजार समजावणे, चिंतेसाठी श्वासाचे व्यायाम, हळूहळू कामाला लागणे, गरज पडली तर गोळ्या आणि वर तज्ज्ञाची देखरेख. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत जास्त रुग्ण बरे झाले. पोशेऱ्याला मुंबईचा थेरपिस्ट पुरवण्यापेक्षा मोखाड्याच्या केंद्रात वारली, कोकणा, कातकरी घरांतली चार माणसे अशी तयार करणे शासनाला कितीतरी सहज जमण्यासारखे आहे.

ते होईपर्यंत सरकारच्या टेलिमानस या दूरध्वनीवरच्या समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. आणि देहाचा थेरपिस्टच हवा असेल, तर पैसे भरण्याआधी त्याला विचारावे: मूळ शिक्षण काय, नोंदणी कुठे, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, स्पर्श करणार का आणि मी नको म्हटले तर काय, तुमच्याबद्दल तक्रार करायची तर कुठे? शेवटच्या प्रश्नाला परदेशातल्या प्रशिक्षण संस्थेचे नाव हे एकच उत्तर मिळाले, तर स्पर्शाला नकार देऊन बोलण्यापुरते ठेवावे; तेही जमत नसेल तर दुसरा शोधावा.