रयतेचा वड नीट वाचायला हवा

महाविद्यालयाचे बोधचिन्ह प्रवेश अर्जावर असते, ओळखपत्रावर असते, प्रमाणपत्रावर असते, आणि तरीही ते कोणी वाचत नाही. ही उपेक्षा मला गैर वाटते. बोधचिन्ह म्हणजे संस्थेने समाजाला लिहून दिलेला शब्द असतो, आणि दिलेला शब्द पाळला जातो की नाही हे पाहायचे तर तो आधी वाचता आला पाहिजे. युरोपात या चिन्हांचे शास्त्रच तयार झाले. चिलखतात चेहरा झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून ढालीवर सिंह, गरुड रंगवत. पुढे ती घराण्याची खूण झाली आणि विद्यापीठांनीही ती रीत उचलली. ऑक्सफर्डच्या ढालीवर उघडा ग्रंथ आणि तीन मुकुट आहेत. आपल्याकडे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास विद्यापीठाने तर ब्रीदही लॅटिनमध्ये घेतले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेने मात्र वड घेतला. शेतकऱ्याच्या पोराला ज्याचा अर्थ कोणाला विचारावा लागणार नाही, असे हे चिन्ह आहे.

या वडात खरी अर्थाची जागा आहे ती पारंबी. फांदीतून निघालेली पारंबी आधी दोरीसारखी बारीक असते, वाऱ्यावर हलते. जमिनीला टेकली की तिला स्वतःची मुळे फुटतात, ती जाड होते, आणि काही वर्षांनी खोड कोणते नि पारंबी कोणती हे सांगता येत नाही. तोवर जिचा भार फांदीवर होता, तीच आता फांदीला टेकू देते. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य या चित्रात जसेच्या तसे दिसते. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली, कष्ट करून शिकली. 'कमवा आणि शिका' ही कल्पना याच मातीतली. वसतिगृह चालवताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पारंबी जमिनीला टेकेपर्यंत कोणाला तरी तिचा भार असा सोसावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, वडाखाली दुसरे झाड वाढत नाही. मोठ्या संस्थेच्या सावलीत शाखा खुरटतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत्येक निर्णय मुख्य कार्यालयातून येऊ लागला, तर तो खराच ठरेल. पण चिन्हाने दिलेला शब्द सावलीचा नाही, पारंबीचा आहे. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने किडले म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. झाड आजही हजारो पारंब्यांवर उभे आहे. कर्मवीर १९५९ मध्ये गेले, संस्था पुढे वाढत राहिली. चिन्ह खरे ठरले ते असे. तालुक्याच्या महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातल्या पाण्याचा, पिकांचा, बोलीचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला, तर ती टेकलेली पारंबी. नुसते परिपत्रकांवर चालले, तर ती अजून लोंबकळतेच आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना चित्राचा काथ्याकूट कशाला? पण ज्या महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर स्वावलंबनाचे झाड आहे, तिथे वसतिगृह बंद पडले किंवा फीपायी मुलगी घरी बसली, तर जाब विचारायला तेच चित्र हाताशी असते. म्हणून माझी मागणी साधी आहे. केवळ रयतच्या नव्हे, प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या चिन्हाचा अर्थ चार ओळींत, मराठीत, प्रवेशद्वाराशी लिहावा आणि पहिल्या दिवशी नव्या मुलांना तो वाचून दाखवावा.