मरण आधी दिसणारी मुलगी

बेळगुंदी परिसरात दवाखाना चालविताना अंगात येणे, कौल लावणे, दृष्ट काढणे यांच्याशी गाठ पडतेच. तरीही पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीला ‘माणसाचे मरण आधी दिसते’ असे एका रुग्णाने सांगितले, तेव्हा मी मोठ्याने हसलो. ते हसणे महागात पडले, म्हणून हा लेख.

वर्षभरात तिने तीन मृत्यू आधी सांगितल्याची वदंता होती. लोक तिच्या घरी जाऊ लागले. घरच्यांनी कुणाकडून पैसा घेतला नाही, हे नमूद केले पाहिजे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी मी बेळगावला पाठवीत असलेला एक शेतकरीही तिला भेटून आला. ती त्याच्याकडे पाहून गप्प राहिली. त्या मौनाचा त्याने हवा तो अर्थ लावला आणि ‘सुगी झाल्यावर बघू’ असे मला सांगितले. खरे कारण सांगितले नाही, कारण डॉक्टर हसतात! दोन महिन्यांनी आतडे अडकून त्याला मध्यरात्री बेळगावला न्यावे लागले. काळे पडलेले आतडे कापावे लागले. सुदैवाने तो वाचला.

मग मी त्या मुलीला आईसमवेत बोलावून घेतले. “आजोबांचं कसं कळलं गं तुला?” ती म्हणाली, “ते भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. भाकरी अर्धी टाकायचे.” हृदय निकामी होत असल्याचे हे वर्णन एखाद्या इंटर्नने केले असते, तर मी त्याची पाठ थोपटली असती. शेजारच्या आजींचेही तसेच. तिसरा मृत्यू मोटारसायकलच्या अपघातातला. त्याबाबत तिला ‘कुणीतरी पडलं’ एवढेच स्वप्न पडले होते. नाव गावाने मागाहून जोडले.

मृत्यूची चाहूल घेणे आपल्याला परके नाही. चरकसंहितेतील इंद्रियस्थानाचे बारा अध्याय अरिष्टलक्षणांनाच वाहिलेले आहेत. आणि आपले भाकीत तरी कितपत खरे ठरते? २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतील ३४३ डॉक्टरांनी ४६८ मरणासन्न रुग्णांविषयी वर्तविलेल्या अंदाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अवघे २० टक्के अंदाज जुळले. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी आयुष्य जास्त सांगितले. रुग्ण आपला झाला की दृष्टी निवळ राहत नाही. मुलीला ती अडचण नव्हती.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील अ‍ॅबरफान गावच्या शाळेवर कोळशाच्या खाणीतील राडारोड्याचा डोंगर कोसळून ११६ मुलांसह १४४ जण दगावले. ‘आम्हाला आधी कळले होते’ असे सांगणारी ७६ पत्रे मनोविकारतज्ज्ञ जॉन बार्कर यांना आली. पुढल्या वर्षी त्यांनी भाकिते घटनेपूर्वीच नोंदवून घेण्याची व्यवस्था केली. बहुतेक भाकिते फोल ठरली. मीही मुलीला वही दिली. तारीख, नाव, काय दिसले. चार महिन्यांत १९ नावे झाली. त्यांतले दोघे गेले. दोघांच्याही घरी मी व्हिजिटला जात होतो. सातव्या पानावर माझेही नाव होते. त्या संध्याकाळी मी स्वतःचा ईसीजी काढला, हे कबूल करतो.

तिचा खरा आजार निराळाच होता. आपण मनात आणतो म्हणून माणसे मरतात, या धास्तीने ती रात्र रात्र जागत असे. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले आणि झोप परतली. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. २०१३ साली त्यांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कर्नाटकाचा २०१७ चा कायदा जानेवारी २०२० मध्ये अंमलात आला. दोन्ही आवश्यकच. पण येथे भोंदू कुणीच नव्हता. तक्रार कुणाविरुद्ध करायची? सौंदत्तीच्या आपल्या जिल्ह्यात, देवदासीबंदीचा १९८२ चा कायदा असूनही, अशा मुलीला ‘देवीची’ ठरविणारे एक तोंड पुरे झाले असते. ती रुग्ण होती आणि तिला ओळखण्याचे काम आपले होते.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की रुग्ण उपचार लांबणीवर टाकू लागला, तर ‘तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?’ असे विचारावे, आणि उत्तर ऐकताना हसू नये. त्या शेतकऱ्याला मी हे विचारले नव्हते.