शब्दाची जात नव्हे, काम बघा

काल नातीने विचारलं, "आजोबा, 'शी लाइक्स रीडिंग, सिंगिंग अँड टू कुक' यात चूक काय?" शब्दांच्या आठही जाती तिला पाठ, पण चूक सापडेना. म्हटलं, "अगं, 'अँड'ने जोडलेले तिघे एकाच रूपात हवेत. 'कुकिंग' कर."

मग माझीच चूक आठवली. 'ही रन्स फास्ट' मधल्या 'फास्ट'ला एका मुलाने क्रियाविशेषण म्हटलं, आणि मी गुण कापला. माझ्या यादीत ते विशेषण होतं ना! 'फास्ट ट्रेन'मध्ये ते विशेषणच. इथे मात्र धावणं कसं ते सांगतं. मुलगा बरोबर होता. आज पन्नाशीचा असेल.

शिक्षकांनो, याद्या घोकून घेऊ नका. शब्द वाक्यात काय काम करतो, ते विचारा. मी विचारलं नाही.